दोन जगांमधल्या वाटेला नाव काय द्यावं? (कथेसाठी मदत हवी आहे, ठाणेकरांनी जरूर यावे)

खाडीपलीकडे

मंडळी, एका कथेसाठी डोकं लढवायला या. बरेच दिवस एक लांबलचक फँटसी लिहितोय, मराठीत आणि चक्क ठाण्यात घडणारी. घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं (काल्पनिक आहे, शोधायला जाऊ नका), ते भराव टाकून बुजवलं, त्यावर पंचवीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला, नाव अर्थातच लेक व्ह्यू, आणि त्या टॉवरच्या बेसमेंटमधून दुसऱ्या जगात जायची वाट आहे. तळं बुजलं तरी वाट काही बुजत नाही. बेसमेंटला सतत पाणी झिरपतं, पंप दिवसरात्र चालू, एका रात्री लाइट जाते, पंप बंद, पाणी चढतं आणि वाट उघडते.

इथपर्यंत जमलंय. गाडी अडलीये नावावर. कालद्वार, मायाद्वार, अनंतद्वार असं सगळं लिहून पाहिलं पण प्रत्येक नाव रात्री साडेनऊच्या सिरीयलचं वाटतं. पोर्टल म्हणावं तर आपल्याकडे पोर्टल म्हटल्यावर सातबारा डाउनलोड करायची साइट आठवते, ती पण बंद पडलेली. शिवाय माझी मुख्य पात्रं म्हणजे वॉचमन आणि त्याची बायको, ती दोघं पोर्टल म्हणतील का?

आणि मला नुसतं नाव नकोय. ते नाव पडलं कसं हेही हवंय. कथेत एक रिटायर्ड बाई त्या नावाचा माग काढत काढत वाटेपर्यंत पोचते, म्हणजे नावाच्या पोटातच सगळं रहस्य पाहिजे. सुचवा.

शून्य शंका

महाद्वार. विषय संपला.

रंकाळ्याचा राजा

@शून्य शंका, अहो आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोड आहे, तिथे दुसऱ्या जगात नाही, साड्यांच्या आणि चपलांच्या दुकानात जातात. तसं म्हटलं तर बायको तिथे गेली की वेळ वेगळ्याच गतीने चालतो हे खरंय 😀

टीएमटी प्रवासी

पोर्टल कशाला पाहिजे, टीएमटीची बस जाते की थेट. घोडबंदर रोडला पातलीपाडा ओलांडला की 'ब्रह्मांड' आहेच. कंडक्टर रोज ओरडतो, ब्रह्मांडवाले पुढे या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजूबाजूला बघत राहिलो, कुणालाच काही वाटलं नाही.

खाडीपलीकडे

टीएमटी प्रवासी, हसून हसून पुरेवाट! पण तुम्ही माझा मुद्दाच सांगितलात बघा. एवढं अफाट नाव आणि लोकांना त्याचं काहीच नाही, कारण रोज उच्चारून उच्चारून ते एक बसस्टॉप झालंय. माझ्या वाटेचं नाव असंच हवं, वापरून गुळगुळीत झालेलं.

गॅझेटिअरवाला

उशिरा आलो पण विषय आवडीचा आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

लेखक लोक घोळ घालतात तो इथेच. ते ती वस्तू काय आहे हे बघून नाव देतात, दोन जगांमधलं दार आहे म्हणून अमुकद्वार. गावात असं होत नाही. गावातला माणूस त्या जागेशी त्याचं काय काम आहे किंवा तिच्या शेजारी काय आहे त्यावरून नाव देतो. जांभळी नाका घ्या, जांभूळ शोधून दाखवा आता तिथे. कॅडबरी जंक्शन हे चॉकलेटच्या कारखान्यावरून. घोडबंदर म्हणजे घोड्यांचा व्यापार चालायचा ते बंदर असं सांगतात, अरबांकडून आलेले घोडे तिथे उतरायचे. आज तिथे घोडा नाही आणि बंदराशी कुणाला घेणंदेणं नाही, ट्रॅफिक तेवढा आहे. नाव मात्र चिकटून बसलंय.

आणि खुद्द ठाणे. शिलाहारांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव श्रीस्थानक, त्यांची राजधानी. स्थानकाचं झालं ठाणे. पोर्तुगीज आले त्यांनी आपल्या जिभेला वळेल तसं केलं, इंग्रजांनी टान्ना, मग ठाणा आणि अगदी अलीकडे १९९६ ला इंग्रजी पाट्यांवर ठाणे आलं. गंमत बघा, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली पॅसेंजर गाडी सुटली ती इथेच आली, म्हणजे ज्या गावाच्या नावातच स्थानक होतं तिथे हजारेक वर्षांनी स्थानक झालं. कुणी ठरवून केलेलं नाही.

तर सांगायचं काय, तुमच्या त्या वाटेचं नाव ती वाट आहे हे कळायच्या आधीपासूनचं पाहिजे. आणि ते किमान तीन तोंडातून गेलेलं पाहिजे, पाड्यावरच्या माणसाच्या, साहेबाच्या आणि रिक्षावाल्याच्या.

पारसिक लोकल

तळं कशाला, पारसिकचा बोगदा घ्या ना राव! १९१६ चा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब. फास्ट लोकल त्यातून जायच्या त्या काळात बोगद्यात शिरल्यावर दारातला वारा बदलायचा, कानांना दडे बसायचे, डब्यातली पोरं शिट्ट्या मारायची आणि एक क्षण खरंच वाटायचं बाहेर दिवा स्टेशन नसून भलतंच काही असेल. २०२२ ला पाचवी-सहावी लाईन झाली आणि मार्ग बदलले, पण ज्यांनी तो अनुभव घेतलाय त्यांना विचारा.

शून्य शंका

बोगदा घिसापिटा आहे. सगळ्यांना बोगदाच सुचतो.

बेलापूरची मावशी

बोगदा नाही पण भुयार आमच्याकडे आहे हो. बेलापूरच्या किल्ल्याखालून घारापुरीपर्यंत भुयार जातं असं इथले जुने लोक सांगतात. खाडीखालून! मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. कुणी पाहिलंय का विचारलं तर म्हणे पाहिलेला माणूस परत कसा येईल.

नावाचं म्हणाल तर बेलापूरचीही गोष्ट आहे. चिमाजी आप्पांच्या वेळी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हा किल्ला घेतला, त्याआधी नवस बोलला होता की किल्ला आला तर जवळच्या अमृतेश्वराला बेलाच्या पानांचा हार घालू, म्हणून बेलापूर. खरं खोटं देव जाणे पण आता सीबीडी (सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट) म्हणतात त्यापेक्षा बरं आहे. पोरांना विचारलं बेलापूर म्हणजे काय तर म्हणतात सीबीडी, आणि सीबीडी म्हणजे काय तर म्हणतात बेलापूर.

भौतिकभैरव

थोडा फिजिक्सचा तडका. या गोष्टीचं पहिलं 'शास्त्रीय' रूप म्हणजे आईन्स्टाईन आणि रोझेन यांचा १९३५ चा पेपर. त्यांच्या गणितात अवकाशाचे दोन तुकडे एका अरुंद गळ्याने जोडलेले निघाले, त्याला नाव पडलं आईन्स्टाईन-रोझेन पूल. किती सभ्य नाव! पण चाललं कुठलं? १९५७ ला व्हीलर आणि मिस्नर यांनी वापरलेलं वर्महोल, मराठीत कृमिविवर. सफरचंदाच्या सालीवरून चालत पलीकडे जाण्यापेक्षा अळी पोखरून सरळ आरपार जाते, ते भोक. म्हणजे जगातल्या सगळ्यात हुशार माणसांनी पण नाव देताना अळीच आणली. गॅझेटिअरवाल्यांना अनुमोदन.

अजून एक कथेला उपयोगी पडेल. १९६२ ला फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं की असा पूल इतक्या झपाट्याने मिटतो की प्रकाशाचा किरणसुद्धा आरपार जाऊ शकत नाही. मग १९८८ ला मॉरिस आणि थॉर्न यांनी म्हटलं की तो उघडा धरून ठेवायचा तर ऋण ऊर्जेचं काहीतरी विचित्र द्रव्य आत भरावं लागेल. तर तुझी वाट उघडी राहते ती कशाने, याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? नुसतं पाणी चढलं म्हणून उघडली हे मला पटत नाही. वाटेला काहीतरी किंमत पाहिजे.

पोथीवाली

किंमत आणि नाव दोन्ही रामायणात आहे. किष्किंधा कांड काढा. सीतेला शोधणारे वानर तहानेने कासावीस झालेत आणि एका गुहेच्या तोंडातून हंस, सारस असे पक्षी ओल्या अंगाने बाहेर येताना दिसतात. हनुमान म्हणतो आत पाणी असणार. एकमेकांचे हात धरून अंधारात चालत जातात आणि आत निघतं वेगळंच जग, सोन्याची झाडं, मय दानवाने बांधलेलं नगर, त्याची राखण करणारी स्वयंप्रभा तपस्विनी. ती खाऊपिऊ घालते, आणि बाहेर जायचं म्हटल्यावर सांगते डोळे मिटा, कारण इथे आलेला जिवंत बाहेर पडत नाही. डोळे मिटतात आणि बाहेर. पण तोवर सुग्रीवाने दिलेली महिन्याची मुदत आतच संपलेली असते! ही किंमत.

आणि एवढ्या अद्भुत जागेचं नाव काय? ऋक्षबिल. अस्वलांचं बीळ. संपलं.

वेळेचंच हवं असेल तर भागवतातला ककुद्मी राजा, मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मलोकात स्थळ विचारायला गेला, तिथे गाणं चालू होतं म्हणून जरा थांबला, आणि तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. मनात धरलेली सगळी स्थळं खलास. शेवटी मुलगी बलरामाला दिली.

खाडीपलीकडे

पोथीवाली ताई, साष्टांग नमस्कार. ओले पक्षी! हे मी उचलतोय. मे महिन्यात, कुठे थेंब नाही, आणि पार्किंगच्या रॅम्पवरून ओले बगळे चालत वर येतात. वॉचमनला पहिला संशय तिथेच येतो.

भैरवा, किंमतीचा विचार करतो, मुद्दा बरोबर आहे.

सोसायटी सेक्रेटरी

कथा चांगली आहे पण तांत्रिक बाजू कच्ची. मी अशाच बुजवलेल्या जमिनीवरच्या इमारतीत राहतो त्यामुळे पोटतिडकीने लिहितो. लाइट गेली म्हणून पंप बंद पडत नाहीत. टॉवरला जनरेटर असतो, लाइट गेली की काही सेकंदात आपोआप सुरू होतो. बेसमेंटच्या एका कोपऱ्यात खड्डा असतो, त्याला आम्ही सम्प म्हणतो, झिरपलेलं पाणी त्यात गोळा होतं, पाणी एका पातळीवर आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि पंप चालू होतो, उतरलं की बंद. तर तुमच्या कथेत फ्लोट अडकला पाहिजे. कशात अडकला हे तुम्ही ठरवा. आणि जुन्या तळ्याची जागा असेल तर पाणी खालून वर दाबतं, नुसतं भिंतीतून येत नाही, फरशीच्या सांध्यातून वर येतं. पावसाळा संपल्यावर दोन-तीन महिने पण येत राहतं. बिल्डरने लेक व्ह्यू म्हणून विकलं ते एका अर्थाने खरं आहे, व्ह्यू खाली आहे.

आमचा वॉचमन त्या जागेला 'खालचं पाणी' म्हणतो. नाव म्हणून वाईट नाही.

शून्य शंका

खालचं पाणी, बीळ, अळी... अरे दुसऱ्या जगाची वाट आहे की गटार? वाचकाच्या अंगावर काटा यायला पाहिजे नाव वाचून.

गॅझेटिअरवाला

काटा नाव वाचून येत नाही हो, नावाचा अर्थ उशिरा कळल्यावर येतो. रोज ज्या स्टॉपवर उतरतो त्याच्या नावाचा अर्थ एक दिवस कळला की मग बघा.

आगरी मानूस

येवढा काथ्याकूट कशाला, गोष्ट तर आपलेकडं आधीपासून हाय. माजी आजी सांगायची. गावात एक तळं व्हतं, लगीन असलं की आदल्या रात्री तळ्याच्या काठाला जायाचं, हळदकुंकू, सुपारी ठेवायची नि बोलायचं आमच्या घरी कार्य हाय, एवढी परात, एवढं हंडं, एवढी पंगतीची ताटं पायजेत. मागं बघायचं नाय. पहाटं जावं तं काठाला भांडी मांडलेली, लख्ख. कार्य झालं की घासून पुसून परत काठाला ठेवायची, सकाळी गायब. कोनीतरी एक भांडं ठेवून घेतलं नि तवापासून तळं देईनासं झालं. आता सांगा, ती भांडी येत व्हती कुठून? तळ्याच्या खालून. मग तं हीच तुमची वाट की.

मोगरा

अगं बाई, ही गोष्ट आमच्या माहेरी राजापूरकडेही सांगतात! मला वाटायचं आमचीच आहे.

कऱ्हाकाठ

देशावर पण आहे. आमच्याकडे तळ्याऐवजी डोह आहे आणि आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, भांडी देतात. बाकी सगळं तेच, एक भांडं दडवलं आणि बंद.

गॅझेटिअरवाला

ही गोष्ट महाराष्ट्रात अक्षरशः गावोगाव आहे, कोकणात जास्त. आगरीदादांनी धाग्याचं सोनं केलं. पूर्वी गावात मोठी भांडी घरोघरी नसायची, तांब्यापितळेची परात म्हणजे चैन, लग्न म्हटलं की चार घरं फिरून गोळा करायची आणि कुणाची कुठली ते ओळखायला भांड्यांवर नावं घालायची. त्या टंचाईतून ही गोष्ट आली असणार. आणि भौतिकभैरव विचारत होते ना वाट उघडी कशाने राहते? परत केल्याने. परत केलं नाही की मिटली.

भौतिकभैरव

मान्य. हे ऋण ऊर्जेपेक्षा भारी आहे.

खाडीपलीकडे

मी इथे खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारतोय. म्हणजे फ्लोट अडकतो तो एका भांड्याच्या काठात. सेक्रेटरी साहेब, चालेल? पण मग नाव काय, भांड्याचं तळं? भांडतळं?

मोगरा

भांडतळं म्हटलं तर लोकांना भांडण वाटेल. सवती-सवती तिथे भांडायच्या अशी कुणीतरी गोष्ट रचेल बघ पुढे.

खाडीपलीकडे

तेही मला आवडतंय खरं तर, चुकीची गोष्ट मागाहून चिकटणं. पण उच्चारायला जड आहे, भांडतळं भांडतळं दोनदा म्हणून बघा.

पाटलीणबाई

कालपासून वाचतेय, आता राहवत नाही म्हणून लिहिते. सगळे आपल्याच काठावर बसून बोलताय. पलीकडच्यांचं काय? त्यांच्या बाजूने बघा. त्यांच्याही घरी कार्यं असतील, ते आपली रोजच्या वापरातली भांडी काढून वर पाठवतात, कुणी मागितलं म्हणून, मागणाऱ्याचं तोंडही न बघता. आणि एक दिवस मोजणीत एक कमी. त्यांनी दुसऱ्या दिवशी वाट पाहिली असेल, तिसऱ्या दिवशी पाहिली असेल. आपण गोष्टीत म्हणतो तळं रुसलं. रुसलं कसलं, त्यांची वस्तू गेली!

आणि ते भांडं लोभाने ठेवलं हे मला कधीच पटलं नाही. घरात चार बायका राबतायत, पंगतीवर पंगत उठतेय, अशात नव्या सुनेच्या हातून एक वाटी कुठेतरी घरंगळली, जात्याखाली गेली, उखळामागे गेली. तिला सापडली चार महिन्यांनी. तोवर गावात शोध चालू, ज्याने ठेवलं त्याचं वाटोळं होईल वगैरे. ती बोलेल का? ती वाटी घेऊन गप्प बसली आणि तिने ती आपल्या मुलीला दिली, मुलीने तिच्या मुलीला. तुझ्या कथेतल्या रिटायर्ड बाईंच्या देवघरात ती वाटी आहे, त्यात त्या रोज कुंकू ठेवतात. कर विचार.

आणि नावाचं म्हणशील तर सोपं आहे, तळं देतं म्हणून लोक म्हणत असतील देणं. "देण्यावर जाऊन आलीस का गं?" असं. आणि वाटी राहिल्यावर तेच देणं म्हणजे कर्ज झालं. नाव बदलायची पण गरज नाही. पलीकडचे त्याच जागेला येणं म्हणत असतील, आमचं येणं आहे तिकडे, अजून आलं नाही.

पोथीवाली

😶

आगरी मानूस

बाय, जिंकलंस. आमच्यात देनं म्हनतील पन चालंल.

टीएमटी प्रवासी

देण्यावरून सुटणारी बस. घोडबंदर, कासारवडवली, देणे. मी चढलो.

शून्य शंका

ठीक आहे. महाद्वार मागे घेत नाही पण हे चांगलं आहे.

खाडीपलीकडे

पाटलीणबाई, तुमचे पाय कुठे आहेत? वाटीचा तो धागा मी जसाच्या तसा घेणार आहे, परवानगी गृहीत धरतो आणि अर्पणपत्रिकेत तुमचा आयडी टाकतो. रात्री बसून नावाची वंशावळ लिहून काढली, बघा कशी वाटते.

आधी पाड्यावरचे लोक नुसतं तळं म्हणायचे, दुसरं जवळपास नव्हतंच. भांडी यायला लागल्यावर देणं. पोर्तुगीजांच्या काळात एक पाद्री लिहितो की इथले लोक एका तळ्याकडे भांडी मागतात, ही सैतानी चाल बंद केली पाहिजे, आणि तो नाव लिहितो देने. १७३७ ला ठाणं मराठ्यांकडे आलं त्यानंतरच्या एका कागदात तळें देणें असं येतं, आणि कारकुनाला वाटतं ही कसलीतरी थकबाकी आहे म्हणून तो समोर रक्कम लिहायला जागा मोकळी सोडतो. ती तशीच राहते. १७७४ ला ठाणं इंग्रजांकडे जातं, पुढे त्यांचा सर्व्हे होतो आणि नकाशात येतं देना टँक. सातबारावर नाव जातंच, नुसता पोटखराबा, म्हणजे न पिकणारी जमीन. मग भराव, टॉवर, लेक व्ह्यू. पण रस्त्यावरचा स्टॉप देना म्हणूनच राहतो आणि नवीन राहायला आलेल्या सगळ्यांची ठाम समजूत की इथे पूर्वी देना बँकेची शाखा होती, २०१९ ला ती बँक ऑफ बडोद्यात गेली तेव्हा शाखा हलली असणार. कुणीच तपासून बघत नाही. एकटी आमची बाई तपासते, आणि शाखा तिथे कधीच नव्हती हे तिला कळतं. तिथून कथा सुरू.

पारसिक लोकल

देना बँक 😂😂 हे इतकं खरं वाटतंय की मलाच शाखा आठवायला लागली.

गॅझेटिअरवाला

उत्तम. मोकळी सोडलेली जागा तर फारच आवडली. दोन सूचना. मराठ्यांच्या कागदात नुसतं ठाणं लिहू नका, साष्टी प्रांत येऊ द्या, तेव्हा हा सगळा भाग साष्टीत धरत. आणि कारकुनाची भाषा मोडी वळणाची ठेवा, म्हणजे 'तळें देणें बितपशील' असं काहीतरी. पाद्र्याला जरा कमी दुष्ट करा, तो घाबरलेला असू दे. त्याने रात्री भांडी वर येताना पाहिली असतील.

मोगरा

पलीकडचे दिसणार आहेत का कथेत? मला वाटतं दिसू नयेत. हात पण नको. नुसती भांडी मांडायची पद्धत दिसली पाहिजे, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि शेवटी एका वाटीएवढी जागा रिकामी.

खाडीपलीकडे

मोगरा, हो, दिसणार नाहीत. मी एक प्रसंग लिहिला होता त्यात त्यांची नगरी वगैरे होती, ती काढून टाकतोय. पण त्यांनी काहीतरी कळवलं पाहिजे ना? येणं आहे हे आपल्या बाईंना कळणार कसं? तिथे अडलोय.

सोसायटी सेक्रेटरी

अहो सोपं आहे. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात थकबाकीचा रकाना असतोच. बाईंचं बिल दर महिन्याला चोख भरलेलं, थकबाकी कायम शून्य, आणि पाणी चढल्याच्या दुसऱ्या महिन्यात बिल येतं त्यात छापलेलं असतं: मागील येणे, वाटी १. त्या ऑफिसात भांडायला जातात. क्लार्क म्हणतो मॅडम, सॉफ्टवेअरमधून आलंय, मी काही टाकलेलं नाही.

पाटलीणबाई

सेक्रेटरी भाऊ, तुम्ही लिहायला लागा.

भौतिकभैरव

आणि व्याज?

सोसायटी सेक्रेटरी

आमच्याकडे थकबाकीवर २१ टक्के लावतात, सरळ व्याज. पण पोथीवाल्या ताईंच्या हिशोबाने पलीकडे वेळ वेगळा चालत असेल तर इकडची वर्षं धरायची की तिकडची हे आधी ठरवा. ककुद्मीचा दर लावलात तर एका वाटीत अख्खी विंग जाईल.

खाडीपलीकडे

तिकडची धरतो. विंग बी.